गेटच्या आत बघता, तसं गेटच्या बाहेरही बघा : ठाणे-नवी मुंबईत घर घेताना या चुका टाळा

सॅम्पल फ्लॅटमधला एसी इतका गार होता की आईने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. घोडबंदर रोडला लागून उभा राहिलेला टॉवर, बाविसावा मजला, खिडकीतून समोर येऊरचे डोंगर. विक्रीचं काम बघणारा मुलगा ब्रोशरवर बोट ठेवून म्हणाला, "सर, ठाणे स्टेशन फक्त वीस मिनिटं." रविवार होता, दुपारचे साडेतीन वाजले होते. स्टेशनवरून त्यांच्याच गाडीने आम्हाला आणलं होतं आणि खरंच वीस मिनिटंच लागली होती. आईने एकच विचारलं, "इथून भाजी आणायला कुठं जायचं?" मुलगा हसला. "काकू, हल्ली सगळं घरपोच येतं." आम्हीही हसलो.

साडेतीन वर्षांनी तो फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही नेरूळला भाड्याच्या घरात राहायला गेलो. तोवर माझं वजन नऊ किलोंनी वाढलं होतं, कंबरेने दगा दिला होता, आणि आईचं बाहेर पडणं आठवड्यातून एकदा, तेही माझ्या गाडीतून, एवढ्यावर आलं होतं. गंमत म्हणजे इमारतीत जिम होती, पोहायचा तलाव होता, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, चालायला ट्रॅक होता. तलावाच्या पाण्याचा क्लोरीनसुद्धा आम्ही घर घेताना विचारला होता. गेटच्या बाहेर पाऊल टाकून शंभर पावलं चालून बघायचं मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तेव्हापासून नात्यातलं, मित्रमंडळींतलं कुणीही घर बघायला निघालं की मला बरोबर नेतात. मी डॉक्टर नाही की नगररचनाकार नाही, पण पोळलेला माणूस आहे. लोक त्याच त्याच चुका करतात, म्हणून लिहून काढतोय.

रविवारी, बिल्डरच्या गाडीतून जागा बघणं

सगळ्यात महाग चूक हीच. माझं ऑफिस ऐरोलीला. हिशोब साधा मांडला होता : घरून ठाणे स्टेशन वीस मिनिटं, तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, उतरून दहा मिनिटं पायी. राहायला गेल्यावर पहिले दोन आठवडे वहीत वेळा टिपल्या. गेटपासून ठाण्याच्या फलाटापर्यंत सगळ्यात चांगल्या दिवशी अडतीस मिनिटं लागली, सगळ्यात वाईट दिवशी सव्वा तास. त्या सव्वा तासातली पंचवीस मिनिटं एकट्या माजिवडा आणि कापूरबावडीच्या नाक्यांनी खाल्ली होती. ठाणे पालिकेच्या टीएमटीची बस स्टेशनबाहेरच्या सॅटिसच्या पुलावर चढेपर्यंत निम्मी माणसं आधीच खाली उतरून पायी सुटायची. अंतर तसं जास्त नव्हतंच. रोज किती लागतील हे आधी सांगता येत नव्हतं, त्याचा ताण होता. लोकल आठ चौतीसची म्हणून मी घरून सव्वासातला निघायचो, आणि रस्ता मोकळा मिळाला की फलाटावर अर्धा तास मोबाइल बघत उभा. व्यायामाची, नाश्त्याची, झोपेची वेळ त्या अर्ध्या तासात जायची.

तर करायचं काय? मंगळवार किंवा बुधवार गाठा. सकाळी सव्वाआठला त्या इमारतीच्या गेटवर ऑफिसचे कपडे घालून, पाठीला लॅपटॉपची बॅग अडकवून उभे राहा. पायी, बसने, शेअर रिक्षाने, ज्याने रोज जाणार त्यानेच ऑफिसपर्यंत जा. संध्याकाळी साडेसातला उलटा प्रवास करा, कारण जाताना मिळणारी रिक्षा येताना मिळतेच असं नाही. ज्या घरासाठी वीस वर्षं हप्ते भरायचेत त्यासाठी एक रजा टाकायला जड जाऊ नये. बरोबरच्या माणसाला मी आणखी एक गोष्ट सांगतो : शक्य असेल तर हेच सगळं जुलैत करा. फुटपाथ कुठे गुडघाभर पाण्याखाली जातो, स्टेशनचा सबवे कधी बंद पडतो, ते ब्रोशरमध्ये छापत नाहीत. नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीलगत भराव घालून उभा आहे. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने मुद्दाम धारण तलाव बांधले आहेत. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की त्या तलावांच्या आसपासचे रस्ते बघून यावेत. अर्ध्या तासात कळतं काय ते.

येणाऱ्या मेट्रोच्या भरवशावर आजची सोय विसरणं

"दोन वर्षांत मेट्रो येतेय हो" हे वाक्य मी पण ऐकलं, मी पण इतरांना ऐकवलं. आमच्या गेटसमोर रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहत होते, म्हणजे येणार यात शंका नव्हतीच. पण खांब उभे राहत असतानाची वर्षंही जगायची असतात, आणि ती धुळीत, बॅरिकेडमध्ये, अर्ध्या झालेल्या रस्त्यावर जगायची असतात.

इथला इतिहास बघितला तर घाई करायचं कारण उरत नाही. सिडको १९७० साली स्थापन झाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलेली मूळ कल्पनाच अशी होती की सार्वजनिक वाहतुकीच्या धाग्यात वाशी, नेरूळ, बेलापूर असे नोड, म्हणजे छोटी छोटी शहरं, ओवायचे. लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये. ठाण्याहून नवी मुंबईला जोडणारी ट्रान्स-हार्बर २००४ मध्ये सुरू झाली. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं भूमिपूजन १ मे २०११ रोजी झालं आणि प्रवासी त्यात बसले १७ नोव्हेंबर २०२३ ला. मार्ग ११ किलोमीटरचा, स्थानकं ११. उलव्याला २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत गाडी आली, तीच पुढे उरणला पोचली ती जानेवारी २०२४ मध्ये. ज्यांनी मधली वर्षं काढली त्यांना विचारा, रोज रिक्षाला किती जात होते.

सोय झाली की आयुष्य बदलतं, हे अगदी खरं. माझा एक सहकारी दिघ्याला राहतो. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, त्याने बाइक विकली, आणि आता सकाळी स्टेशनपर्यंत चालतो. पण घर घेताना हिशोबात तेवढंच धरा जे आज धावतंय. बाकीचं आलं तर दिवाळी समजा.

"चालायचा ट्रॅक इमारतीतच आहे की!"

आमचा पोडियमचा ट्रॅक एकशे ऐंशी मीटरचा होता. पहिल्या महिन्यात मी त्यावर अकरा दिवस चाललो. पुढच्या महिन्यात तीन. मग कधीतरी पाहुणे आले की दाखवायला. सव्वा तास बसमध्ये लटकून घरी आलेल्या माणसाला पुन्हा बूट घालून गोल गोल फिरायची इच्छा होत नाही. यात आळस शोधू नका, मलाही शोधावासा वाटला होता.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी असं सांगते. आता हिशोब करा. घर ते स्टेशन बारा मिनिटं झपझप पायी, येताना पुन्हा बारा. दिवसाला चोवीस. आठवड्यातले सहा दिवस धरले तर १४४. जिमचा एक रुपया न भरता, वेगळा वेळ न काढता, लोकल पकडायच्या नादात आपोआप. आज मी नेरूळला याच हिशोबावर जगतो, आणि वर ऐरोलीला उतरून ऑफिसपर्यंत दहा मिनिटं आहेतच. वजन नऊपैकी सहा किलो उतरलं. उरलेले तीन माझे आणि वडापावचे, त्यात रस्त्याचा दोष नाही.

त्यामुळे जागा बघताना "स्टेशन किती मिनिटांवर" असं मोघम विचारू नका. "चालत किती" हे विचारा, आणि उत्तरावर विश्वास न ठेवता चालून बघा. दहा ते पंधरा मिनिटं हा सोन्याचा पट्टा. पाचच मिनिटांवर घर असलं तर गर्दी, रिक्षांचे हॉर्न आणि फेरीवाल्यांचे लाउडस्पीकर पदरात येतात. वीसच्या पुढे गेलं की पहिल्याच पावसाळ्यात माणूस रिक्षाला हात करतो आणि मग उन्हाळ्यातही तो हात खाली येत नाही.

फुटपाथ "आहे" एवढ्यावर समाधान मानणं

नकाशात फुटपाथ दिसतो. गाडीतूनही दिसतो. तो चालता येण्यासारखा आहे का हे कळायला सत्तरीतला माणूस बरोबर न्यावा.

आईच्या गुडघ्याचं दुखणं घोडबंदरला असतानाच सुरू झालं. एका सकाळी तिला म्हटलं, चल, कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत जाऊन येऊ. अंतर साडेतीनशे मीटर, जास्त नाही. मी मागून चाललो आणि मोजत गेलो. गेटच्या उताराला फुटपाथ तुटला, खाली उतर. पुन्हा चढ. पुढच्या शोरूमच्या रॅम्पला तुटला, उतर, चढ. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीने अडवलं, रस्त्यावर उतर. चेंबरचं झाकण चार बोटं वर, तिथे काठी अडली. पेव्हर ब्लॉक उखडून शेजारीच ढीग लावलेला, म्हणजे पुन्हा रस्त्यावर. थांब्यापर्यंत तिला चौदा वेळा चढ-उतार करावा लागला, आणि काही ठिकाणी पायरी माझ्या नडगीच्या निम्म्यापर्यंत येत होती. थांब्यावर बसायला होतं, पण बाकड्याच्या पत्र्यावर ऊन. आई काही बोलली नाही. त्यानंतर तिने बसचं नाव काढलं नाही, एवढंच.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत यावर स्पष्ट लिहिलेलं आहे. चालायला किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी पट्टी हवी, म्हणजे झाडं, खांब, पेट्या सोडून उरलेली, आणि फुटपाथची उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. १.८ मीटर म्हणजे दोन माणसं छत्र्या उघडून कशीबशी समोरासमोरून जातील एवढं. टेप न्यायची गरज नाही. घरातला एखादा मोठा माणूस हात पसरून उभा राहिला की साधारण अंदाज येतो. उंचीसाठी दोन्ही हातांची चार-चार बोटं एकावर एक धरली की झालं. फुटपाथ त्याहून उंच असला तर तो गाड्या चढू नयेत म्हणून बांधलाय, माणसं चढावीत म्हणून नव्हे.

गेटपासून स्टेशन किंवा बसथांब्यापर्यंत किती वेळा फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागतं ते मोजा. पाचापर्यंत ठीक. दहाच्या वर गेलं तर त्या घरात म्हातारं माणूस आणि बाबागाडीतलं मूल दोघंही घरकोंबडे होणार. सावलीही बघा, एप्रिलात साडेनऊला. नेरूळच्या आतल्या सेक्टरांत जुनी झाडं दोन्ही बाजूंनी कमान धरून आहेत. तिथे भर उन्हात आई भाजीला जाते. उंचच उंच नवी इमारत आणि समोर दोन वर्षांची हाडकुळी रोपं असतील, तर रोपांची झाडं होईपर्यंत नात कॉलेजला जाईल.

रुंद रस्त्याला भुलणं

सहापदरी रस्ता समोर असला की भाव वाढतो. पण तो रस्ता ओलांडायचाही असतो. ३० मीटर रुंद रस्ता धरा. सिग्नलची वेळ काढताना पायी माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात, म्हणजे पंचवीस सेकंद. आईचा वेग मी मोजला होता, सेकंदाला ०.७ मीटर. तिला त्रेचाळीस सेकंद लागतील. तोवर सिग्नल सुटलेला असतो आणि ती मधल्या डिव्हायडरवर, दोन्ही बाजूंनी ट्रेलर. रस्त्यापलीकडे दोनशे मीटरवर असलेलं भाजी मार्केट आम्हाला त्यामुळे साडेतीन वर्षं परगावी होतं. पूल होता, पण अर्धा किलोमीटर पुढे आणि चाळीसेक पायऱ्यांचा. गुडघे दुखणाऱ्या बाईला पायऱ्यांचा पूल दाखवणं ही थट्टा झाली.

वेगाचाही प्रश्न आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गाड्यांचा सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. नवी मुंबईतला पाम बीच रोड गाडीतून जाताना डोळ्यांचं पारणं फेडतो. त्याच्या काठी राहून रोज पायी ओलांडायचा म्हटलं तर पोटात गोळा येतो. घर, शाळा, स्टेशन, किराणा आणि दवाखाना यांपैकी किती गोष्टी मोठा रस्ता न ओलांडता मिळतात, हे बघा. सिडकोचे जुने सेक्टर याच बाबतीत उजवे ठरतात. शाळा, मैदान आणि मार्केट आतच, मोठा रस्ता कडेने. मुलगी तिसरीत असताना मैत्रिणींबरोबर चालत शाळेत जाऊ लागली, तेव्हा स्कूल व्हॅनचे पैसे वाचले हा फायदा दुय्यम होता. ती घरी येऊन रस्त्यात दिसलेल्या मांजरीच्या गोष्टी सांगू लागली.

रस्त्याच्या अगदी तोंडावरच्या फ्लॅटबद्दल थोडक्यात. अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी असते, त्यामुळे त्यांची रांग रात्री लागते आणि आपली झोपायची वेळ तीच. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा नियमात आहे. मोबाइलवरचं आवाज मोजायचं साधं अ‍ॅप घेऊन रात्री अकरा वाजता त्या खिडकीशी उभे राहा, आकडा ढोबळ असला तरी बोलका असतो. धूर आणि सूक्ष्म धूळ रस्त्याच्या काठाला सगळ्यात दाट असते, शंभर-दोनशे मीटर आत गेलं की बरीच उतरते. त्यामुळे त्याच प्रकल्पातली मागची विंग मिळत असेल तर डोंगराच्या देखाव्याचा मोह सोडा. घर घेऊन झालंच असेल तर निदान झोपायची खोली मागच्या बाजूची करा आणि हॉल पुढे ठेवा.

"खाली दुकानं नकोत, शांत परिसर हवा"

ही चूक शिकलेली माणसं जास्त करतात. आमच्या टॉवरला तीनशे मीटर लांब कंपाउंडची भिंत होती. पलीकडे दुसऱ्या प्रकल्पाची तशीच भिंत. मधला रस्ता स्वच्छ, रुंद, दिवे लागलेला, आणि रात्री नऊनंतर चिटपाखरू नाही. बायको नाक्यावर बसमधून उतरायची आणि त्या सहाशे मीटरसाठी रिक्षा करायची. रिक्षावाले एवढ्या जवळचं भाडं घ्यायचे नाहीत, मग मी गाडी काढून आणायला जायचो. म्हणजे शांततेची किंमत रोज एक पेट्रोलची फेरी.

याउलट ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडला, राम मारुती रोडला रात्री दहाला चालून बघा. औषधाचं दुकान उघडं, पानवाला उघडा, इस्त्रीवाला कोळसे विझवतोय. बाई एकटी चालत असली तरी चार ओळखीचे डोळे आहेत. १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, आणि जुनं ठाणं त्या स्टेशनाभोवती पायी अंतरात वाढत गेलं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारायला निघालेला माणूस जाता जाता औषध, दूध, पोस्ट अशी चार कामं उरकून येतो, आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. तिथे फुटपाथ अरुंद आहेत, गर्दी आहे, पार्किंगची बोंब आहे, हे मान्य. तरीही रोजचं चालणं तिथे टिकून आहे.

शांतता हवीच असेल तर ती भिंतीने येत नाही. बेलापूरला १९८० च्या दशकात चार्ल्स कोरियांनी वसवलेली वस्ती आहे, लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. मधे छोटंसं अंगण आणि भोवती सात घरं, असे घोळके. रविवारी सकाळी चक्कर मारून या. नंतर बरंच बदललंय, घरं वाढवलीयत, पण अंगणात खाट टाकून बसलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघतो, तेवढं पुरतं.

मागचं गेट

आधीच राहायला गेलेल्यांनी हे वाचून घर विकावं असं मी म्हणत नाही. आम्हालाही विकायला जमलं नाहीच. पण काही गोष्टी लाखभर रुपये न घालता सुधारतात, आणि त्यातली पहिली म्हणजे सोसायटीचं मागचं गेट.

आमच्या टॉवरला मागे एक छोटं लोखंडी गेट होतं. त्यातून बाहेर पडलं की आतल्या रस्त्यावरचा दुसरा बसथांबा दोनशे मीटर, किराणा दीडशे, आणि कोपऱ्यावर भाजीची गाडी. पुढच्या गेटने त्या थांब्याचं अंतर साडेआठशे मीटर, हायवेच्या कडेने. पण मागच्या गेटला कायम कुलूप. मी एकदा वॉचमनला म्हटलं, "दादा, आईला फक्त भाजी आणायचीय, उघडा जरा." तो बिचारा ओशाळला. "साहेब, कमिटीनं सांगितलंय, चोऱ्या होतात." "झालीय का कधी?" "मी आल्यापासून तरी नाही."

कमिटीकडे मी गेलो आणि चूक केली. तावातावाने आरोग्यावर भाषण दिलं. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय ते महाराष्ट्रात सांगायला नको. तुम्ही असं करू नका. आधी कोणाला त्याचा उपयोग आहे ते शोधा : घरकाम करणाऱ्या बायका, ज्येष्ठ नागरिक, क्लासला जाणारी मुलं, बसने जाणारे. त्यांच्यापैकी वीस-पंचवीस सभासदांच्या सह्या घ्या. मागणी मर्यादित ठेवा, म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा, वहीत नोंद, एक कॅमेरा. वॉचमनच्या जादा पाळीचा खर्च दर फ्लॅटमागे महिन्याला किती येतो तो आकडा आधीच काढून न्या, कारण पहिला प्रश्न तोच असतो. आणि विषय वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत लेखी द्या, 'आयत्या वेळचे विषय' यात ढकलू नका. तिथे गेलेला विषय चहाबरोबर संपतो. तीन महिने प्रायोगिक म्हणून मागा. एकदा उघडलेलं गेट लोक पुन्हा बंद करू देत नाहीत.

तक्रार चुकीच्या दारात करणं

फुटपाथ तुटला, दिवा गेला, बसथांब्याला छप्पर नाही, म्हणून माणूस तावातावाने फोटो टाकतो आणि उत्तर येतं, "हे आमच्या हद्दीत नाही." आपल्याकडे हद्दींचा गुंता मोठा आहे. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचे नोड नवी मुंबई महापालिकेत. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल २०१६ पासून पनवेल महापालिकेत. उलव्याचा कारभार सिडकोकडे. लोकल रेल्वेची, पण नवी मुंबईतली स्टेशनं उभारण्यात सिडकोचा मोठा वाटा, त्यामुळे स्टेशनबाहेरच्या पार्किंगची किंवा सबवेची तक्रार कुठे करायची ते आधी विचारून घ्या. ठाण्यात आतले रस्ते महापालिकेचे, पण घोडबंदरसारख्या मोठ्या रस्त्यावर एकाच खड्ड्याभोवती तीन-चार यंत्रणा फिरत असतात.

माझा अनुभव असा, की आधी प्रभाग कार्यालयात जाऊन तोंडी विचारावं, "हा तुकडा कुणाचा?" तिथला कनिष्ठ अभियंता बहुतेक वेळा खरं सांगतो. मग त्याच यंत्रणेला 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा तिच्या स्वतःच्या तक्रार कक्षात लेखी टाकावं. फोटोत जवळची खूण यावी, दुकानाची पाटी किंवा दिव्याच्या खांबाचा क्रमांक. एका अर्जात एकच गोष्ट लिहावी. "रस्त्याची अवस्था वाईट आहे" असं लिहिलं तर उत्तरात "पाहणी केली" येतं. "खांब क्रमांक अमुकजवळचं चेंबरचं झाकण चार इंच वर आहे" असं लिहिल्यावर आमच्या नेरूळच्या गल्लीत नवव्या दिवशी माणूस आला होता, घमेलं घेऊन. बसची फेरी वेळेवर नसेल तर निव्वळ गाऱ्हाणं मांडण्याऐवजी दोन आठवड्यांच्या वेळा लिहून द्या. नवी मुंबईची एनएमएमटी काय, ठाण्याची टीएमटी काय, त्यांनाही आकडा दिसला की फाइल पुढे सरकवायला आधार मिळतो.

मधल्या काळात आपल्या हातात जे आहे ते करावं. एक थांबा आधी उतरून चालणं मला जमलं नाही, सांगायला सगळे सांगतात. पण शेअर रिक्षाऐवजी सायकल हा उपाय माझ्या भाच्याने कोपरखैरण्यात चालवून दाखवला. जुनी, गंजकी, चोराने ढुंकूनही पाहू नये अशी सायकल स्टेशनला लावतो, दोन कुलुपं. चांगली सायकल घरी, रविवारसाठी.

परवा आमच्या भाडेकरूचा फोन आला. गळतीचं सांगत होता. शेवटी सहज म्हणाला, "आणि हो, मागचं गेट उघडलंय आता. सकाळी सहा ते रात्री दहा." सह्या कुणी गोळा केल्या विचारलं तर म्हणाला, चौथ्या मजल्यावरच्या आजी घरोघर फिरल्या.

आईला सांगितलं. ती मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आता होय?"